३४ खांब आणि एक अर्ज : पथदिवे बदलून देणाऱ्या नागरी सेवेचा अभिप्राय

रस्त्यावरचे जुने सोडियम दिवे काढून त्या जागी कमी विजेवर चालणारे एलईडी दिवे बसवावेत, अशी मागणी नागरिकांना आमच्या शहराच्या प्रशासनाकडे करता येते. ही सेवा मी पहिल्या तक्रारीपासून आजपर्यंत सुमारे चौदा महिने अनुभवली आहे, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. बसवलेले दिवे चांगले आहेत, ते बसवणारी माणसे कामसू आहेत, पण मागणी नोंदवण्याची पद्धत अशा समजुतीवर उभी आहे की, नागरिकाला दिव्यांतले एकच कळते, तो चालू आहे की बंद. पाचपैकी साडेतीन गुण देतो. अर्धा गुण कशाचा, ते पुढे येईलच.

आमचा रस्ता जेमतेम एक किलोमीटरचा असून त्यावर एका बाजूने ३४ खांब आहेत. खांबांची उंची सुमारे आठ मीटर आणि दोन खांबांतील अंतर सुमारे तीस मीटर आहे. प्रत्येकावर १५० वॅटचा सोडियम दिवा होता. कागदावर दिवा १५० वॅटचा असला तरी त्याच्या चोकमध्ये, म्हणजे दिव्यातला विद्युतप्रवाह आवरून धरणाऱ्या यंत्रात, जाणारी वीज धरली, तर एक फिटिंग, म्हणजे दिवा बसवलेली पूर्ण पेटी, सुमारे १७० वॅट ओढते. असे दिवे सर्व दिशांना प्रकाश फेकतात आणि त्यातला वरच्या बाजूला गेलेला प्रकाश परावर्तकाने खाली वळवावा लागतो. परावर्तक काळवंडला, काचेवर धूळ आणि मेलेल्या किड्यांचा थर साचला की, खांबाच्या पायाशी पिवळे तळे आणि दोन खांबांच्या मधोमध काळोख, असे चित्र तयार होते. आमच्याकडे नेमके तेच झाले होते. प्रकाशमापकाने मोजले तेव्हा खांबाखाली ३८ लक्स (लक्स हे जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) आणि दोन खांबांच्या मध्यावर जेमतेम २ लक्स भरले. रस्त्यावर दिवे नाहीत, असे कोणालाही म्हणता आले नसते, आणि तरी संध्याकाळनंतर माणसे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पाय टाकल्यासारखी चालत.

पहिली मागणी मी प्रशासनाच्या मोबाइल ॲपवरून केली. त्यात पथदिव्यांसाठी चार पर्याय आहेत : दिवा बंद आहे, दिवा लुकलुकतो, दिवा दिवसा चालू राहतो आणि वायर उघडी आहे. 'दिवा चालू आहे, पण उजेड पुरत नाही आणि वीज जास्त जाते' हे सांगण्यासाठी पर्याय नाही. नाइलाजाने मी 'लुकलुकतो' हा पर्याय निवडला, आणि तो अगदीच खोटा नव्हता, कारण नऊ क्रमांकाच्या खांबावरचा दिवा खरोखरच दर काही मिनिटांनी विझून पुन्हा लागत होता. सोडियम दिव्याचे आयुष्य संपत आले की, तो चालू ठेवायला लागणारा व्होल्टेज वाढत जातो. दिवा तापला की चोकला तो व्होल्टेज पुरवता येत नाही, दिवा विझतो, थंड होतो आणि मग पुन्हा पेट घेतो. रात्रभर हा खेळ चालतो.

दोन दिवसांत तक्रार निकाली निघाली. ॲपवर पुरावा म्हणून छायाचित्रही आले : भर दुपारच्या उन्हात पेटलेला सोडियमचा नवा कोरा दिवा. या तत्परतेला नावे ठेवावीत, असे मला आजही वाटत नाही. लाईनमनने त्याला मिळालेल्या निरोपाप्रमाणे काम चोख केले होते. पण ज्या तंत्रज्ञानातून बाहेर पडण्यासाठी मी अर्ज केला, त्याचाच नवा दिवा आता पुढची काही वर्षे तिथे जळणार, हे पाहून मला हसावे की रडावे ते कळेना. या सेवेची मूळ अडचण मला त्या छायाचित्रात दिसली. दुरुस्ती करणारा विभाग आणि सुधारणा करणारा विभाग वेगळे आहेत, आणि ॲपवरून तुम्ही फक्त पहिल्याच विभागाच्या दारात पोहोचता.

दुसऱ्या वेळी मी कागदाचा आधार घेतला. ज्यांना ही सेवा वापरायची आहे, त्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा, कारण माझ्या मते अर्ज मंजूर होणे किंवा फाईलमध्ये पडून राहणे इथेच ठरते. मी विद्युत विभागाच्या नावे लेखी अर्ज केला आणि त्याला खांबांची यादी जोडली. ही यादी करायला दोन संध्याकाळी गेल्या. प्रत्येक खांबावर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर रंगवलेला क्रमांक असतो, पण आमच्याकडे निम्म्या क्रमांकांवर शिकवण्यांच्या आणि भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती चिकटवलेल्या होत्या. एका खांबावरचा कागद नखाने खरवडून काढला, तेव्हा खाली आणखी एक कागद निघाला, त्याखाली तिसरा, आणि मग कुठे २१ हा आकडा दिसला. यादीत प्रत्येक खांबापुढे सध्याच्या दिव्याचा प्रकार, फांद्यांची अडचण आहे किंवा नाही आणि जवळच्या घराची खिडकी खांबापासून किती अंतरावर आहे, एवढे लिहिले. अर्जावर रस्त्यावरच्या रहिवाशांच्या सह्या घेतल्या आणि आवक विभागात पोच घेऊन तो दिला.

अर्जात विजेचा हिशेबही मांडला होता. पथदिवे वर्षाला साधारण चार हजार तास चालतात. १७० वॅटच्या फिटिंगच्या जागी ६० वॅटचा एलईडी दिवा आला, तर एका खांबामागे ११० वॅट वाचतात, ३४ खांबांचे ३,७४० वॅट होतात आणि वर्षाचे जवळजवळ पंधरा हजार युनिट. हा हिशेब शाळकरी आहे, पण संबंधित अभियंत्याने नंतर मला सांगितले की, आलेल्या अर्जांपैकी बहुतेकांत 'आमच्या भागावर अन्याय होत आहे' एवढेच लिहिलेले असते आणि अन्यायाचे अंदाजपत्रक करता येत नाही. त्यांचे हे वाक्य माझ्या चांगलेच लक्षात राहिले आहे.

चार महिने काही झाले नाही. पाचव्या महिन्यात 'आपली मागणी पुढील टप्प्यात विचारात घेण्यात येईल' असे पत्र आले. ते वाचून बहुतेक लोक आशा सोडून देतात आणि मीही जवळजवळ सोडली होती, परंतु सांगायला हवे की, हे पत्र पोकळ नव्हते. निविदा एकेका खांबाची निघत नाही, फिडर पिलरवरील, म्हणजे रस्त्याकडेच्या वीजवाटप पेटीवरील, संपूर्ण सर्किट एकदम घेतले जाते आणि आमचे सर्किट शेजारच्या दोन रस्त्यांशी जोडलेले होते. हे कारण पत्रात दोन ओळींत लिहिता आले असते. या सेवेत मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे. उशिराला सबळ कारण असते, पण ते अर्जदाराला सांगायची गरज कोणाला वाटत नाही.

आठव्या महिन्यात पाहणी झाली आणि या सेवेबद्दलचे माझे मत बदलले ते त्या रात्री. पाहणीचा दिवस कळवणारा फोन आला, तेव्हा मी एकच विनंती केली की, पाहणी रात्री व्हावी. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग कनिष्ठ अभियंता म्हणाल्या, "साडेआठला येते." त्या आल्या, सोबत सरकारी प्रकाशमापक होता आणि आम्ही दोघांनी दोन खांबांमधले अंतर पावलांनी मोजून दर तीन मीटरवर आकडे टिपले. मापक रस्त्यावर सपाट ठेवून, स्वतःची सावली त्यावर पडू नये म्हणून हात लांब करून, उकिडवे बसून त्या आकडे वाचत होत्या आणि मी लिहीत होतो. येणारी-जाणारी माणसे काही हरवले आहे का, असे विचारत होती.

त्यांनी मला जी गोष्ट समजावून सांगितली, ती प्रत्येक अर्जदाराला माहीत असायला हवी. रस्त्यावरचा उजेड किती, यापेक्षा तो कसा पसरला आहे, हे महत्त्वाचे असते. सर्वांत कमी उजेडाच्या जागेचा आकडा आणि सरासरी आकडा यांचे गुणोत्तर काढतात आणि वाहतुकीच्या रस्त्यांसाठी ते साधारण ०.४ च्या आसपास असावे, अशी अपेक्षा असते. आमच्या रस्त्यावर सरासरी सुमारे ११ लक्स होती आणि मध्यावर २, म्हणजे गुणोत्तर ०.२ च्या खाली. डोळा उजेडाला सरावतो. प्रखर डागातून बाहेर पडलेल्या डोळ्याला पुढचा काळोख आहे त्याहून गडद दिसतो. म्हणून नुसता जास्त वॅटचा दिवा लावला, तर बिल वाढते आणि काळोख तसाच राहतो. एलईडी दिव्यात प्रत्येक चिपवर छोटे भिंग असल्यामुळे प्रकाश रस्त्याच्या लांबीच्या दिशेने ताणून पसरवता येतो. एलईडीची बचत काही चिपमधून येते आणि काही या भिंगांतून, मात्र भिंगांचा प्रकार रस्त्याच्या रुंदीला आणि खांबांच्या अंतराला जुळायला हवा.

आता प्रत्यक्ष दिव्यांविषयी. अकराव्या महिन्यात शिडीची गाडी आली आणि दोन दिवसांत ३४ पैकी ३२ फिटिंग बदलल्या गेल्या. काम पाहण्यासारखे होते. एक जण पाळण्यात, एक खाली, जुनी फिटिंग दोरीने खाली येते, नवी वर जाते, खांबाच्या पायाशी असलेल्या पेटीतली गंजलेली जोडणी कापून नवी केली जाते आणि मग पुढचा खांब. फिटिंगवरची चकती मी जवळून वाचली : ६० वॅट, आयपी ६६, म्हणजे धूळ आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्यापासून संरक्षण, विजेच्या उसळीपासून १० किलोव्होल्टपर्यंत संरक्षण आणि ५७०० केल्विन. शेवटचा आकडा वाचून मी जरा थबकलो.

रंगतापमान, म्हणजे प्रकाश उबदार आहे की निळसर हे सांगणारा केल्विनमधला आकडा, हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत कमी चर्चिला जाणारा भाग आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर फॉस्फर या निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळ्यात बदलणाऱ्या पदार्थाचा लेप दिला की, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरा प्रकाश दिसतो. कार्यक्षम निळा एलईडी शक्य करणाऱ्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते याच कारणासाठी. लेप पातळ असेल, तर प्रकाश निळसर आणि केल्विनचा आकडा मोठा, लेप जाड असेल, तर प्रकाश उबदार आणि आकडा लहान. निळसर दिवा प्रत्येक वॅटमागे थोडा जास्त उजेड देतो, म्हणून फक्त वॅट मोजणाऱ्या निविदेत तोच जिंकतो. पण निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, डोळ्यात अधिक खुपतो आणि किडे अधिक ओढतो. अमेरिकेतील डेव्हिस या शहरात २०१४ मध्ये नव्या एलईडी दिव्यांच्या प्रखरतेबद्दल रहिवाशांनी इतक्या तक्रारी केल्या की, प्रशासनाला ते काढून उबदार रंगाचे दिवे बसवावे लागले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये ३००० केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचे दिवे वापरावेत, असे सुचवले. प्रकाश अभियंत्यांच्या इल्युमिनेटिंग इंजिनिअरिंग सोसायटीने पुढच्या वर्षी त्या शिफारशीशी जाहीर असहमती नोंदवली, म्हणजे हा वाद एकतर्फी नाही. तरीही घरांच्या रस्त्यावर ५७०० केल्विन लावण्याची निकड काय होती, या प्रश्नाला 'साठ्यात हेच होते' याखेरीज उत्तर मला मिळालेले नाही. माझ्या अर्जात रंगाचा उल्लेख नव्हता, ही चूक माझी. अर्जदारांनी ३००० केल्विन हा आकडा अर्जात स्पष्ट लिहावा.

दुसरा दोष अधिक त्रासदायक होता, पण तो सुधारला गेला. पहिल्याच रात्री समोरच्या पहिल्या मजल्यावरच्या खोल्यांत इतका उजेड शिरला की, भिंतीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडल्या. कारण शोधायला वेळ लागला नाही. जुन्या खांबांचे आर्म, म्हणजे फिटिंग धरणारे आडवे हात, वरच्या दिशेला सुमारे पंधरा अंशांनी वळलेले होते, कारण सोडियमची फिटिंग तशी बसवण्याची पद्धत होती. नवी, सपाट काचेची फिटिंग त्याच आर्मवर तशीच चढवली की, तीही पंधरा अंश वर पाहते आणि जो प्रकाश रस्त्याच्या पलीकडच्या कडेला थांबायला हवा, तो समोरच्या घरात जातो. फिटिंगच्या मानेला एक सांधा असतो, तिथले दोन बोल्ट सैल करून फिटिंग जमिनीला समांतर करता येते. मी खालून काढलेले एक छायाचित्र आणि खांबांचे क्रमांक पाठवले. नऊ दिवसांनी गाडी परत आली आणि सगळे बोल्ट सैल करून, समतल पाहायची काचनळी लावून फिटिंग सरळ केल्या गेल्या. तीन घरांसमोर काळ्या पत्र्याचे आडोसेही बसवले. साडेतीन गुणांमधला तो अर्धा गुण या दुसऱ्या फेरीचा आहे. बसवून झालेल्या कामाकडे परत वळून पाहणारी सेवा मी फारशी पाहिलेली नाही.

सरळ केल्यानंतर पुन्हा मोजले. खांबाखाली २२ लक्स, मध्यावर ८. खांबाखालचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला, ही गोष्ट काही शेजाऱ्यांना पटली नाही आणि 'पूर्वी जास्त उजेड होता' अशी तक्रार त्यांनी माझ्याकडेच केली. त्यांना मी मधल्या जागी नेऊन उभे केले. तिथे आता समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येतो आणि कपड्यांचे रंग दिसतात, जे सोडियमच्या प्रकाशात दिसत नसत. त्या प्रकाशात लाल आणि तपकिरी या रंगांतला फरकही नाहीसा होई. एका आजोबांनी मात्र ठामपणे सांगितले की, पिवळा उजेड मायेचा होता. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि ३००० केल्विन लावले असते, तर कदाचित त्यांची तक्रार उरली नसती.

टिकाऊपणाबद्दल तीन महिन्यांत बोलणे घाईचे होईल. एलईडीचे ५०,००० तासांचे आयुष्य सांगितले जाते, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, तेवढ्या तासांनंतर प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईल. वर्षाला चार हजार तास धरले, तर ही साडेबारा वर्षे होतात. पण चिपच्या आधी बहुतेक वेळा ड्रायव्हर जातो, म्हणजे चिपला विद्युतप्रवाह पुरवणारे आतले यंत्र, आणि तो जातो तो उष्णतेने किंवा विजेच्या उसळीने. अमेरिकेतील अनेक शहरांत अलीकडे काही पथदिवे अचानक जांभळे झाले, कारण चिपवरचा फॉस्फरचा लेप सुटला आणि खालचा निळा प्रकाश उघडा पडला. म्हणून हमीपत्रात फक्त 'दिवा बंद पडल्यास' एवढेच नसावे, रंग बदलल्यास आणि प्रकाश ठरावीक प्रमाणाखाली गेल्यासही बदलून मिळेल, असे असावे. आमच्या हमीपत्राची प्रत मागितली, ती मिळाली आणि त्यात फक्त बंद पडण्याचाच उल्लेख आहे.

मध्यरात्रीनंतर प्रकाश कमी करण्याची सोय फिटिंगमध्ये आहे, तिच्या माथ्यावर नियंत्रकासाठी खाचही आहे, पण ती टोपी लावून बंद ठेवली आहे. विचारल्यावर नियंत्रण यंत्रणा पुढच्या टप्प्यात येईल, असे उत्तर मिळाले. 'पुढचा टप्पा' हे शब्द आता मी हसून ऐकतो, कारण मागच्या वेळी तो खरोखर आला होता.

राहिले दोन खांब, क्रमांक १७ आणि १८. तिथे फांद्या फिटिंगच्या खाली उतरल्या आहेत, त्यामुळे शिडीची गाडी ते वगळून पुढे गेली. विद्युत विभागाचे म्हणणे असे की, फांद्या छाटणे उद्यान विभागाचे काम आहे, आणि उद्यान विभागाचे म्हणणे असे की, मागणी विद्युत विभागाकडून यायला हवी. परवा संध्याकाळी मी त्या दोन्ही खांबांचे क्रमांक लिहिलेला नवा अर्ज आवक विभागात दिला, दोन्ही विभागांच्या नावे, एकाच कागदावर. कारकुनाने तो दोनदा वाचला, दोन रजिस्टरांत नोंदवला आणि पोच देताना विचारले की, प्रकाश किती केल्विनचा हवा ते लिहिले आहे का. लिहिले होते.